जाड कमरेची तारवाली

३ फेब्रुवारी

दादा,

आई गेली तेव्हा "माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या" एवढा निरोप तुझ्या मुलाने कळवला. त्यानंतर तू मला फोन केला नाहीस आणि मीही तुला केला नाही. आत्ताही पत्र लिहिलं नसतं. पण इथे तुझ्या नावाने जे चाललंय ते तुझंच आहे की कुणी तुझं नाव वापरतंय, एवढं मला कळायला हवं.

तारवालीचं कॉमिक पुन्हा सुरू झालं, हे तुझ्या कानावर आलं असेलच. मालक गेले. त्यांची नात आता छापखान्याच्या जागेतच बसते, फक्त यंत्रं गेली आणि काचेची केबिन आली. "तुम्ही जुन्या अंकांचे रंग केलेत, आधी तुम्ही बघा," म्हणून तिने मला बोलावलं आणि नवा अंक पुढ्यात ठेवला. चित्रं एका पोरीची आहेत. तिला तिथे सगळे ठिपका म्हणतात, कारण सही म्हणून ती पानाच्या कोपऱ्यात नुसता ठिपका देते. बुटकी आहे, बोटं कायम शाईने बरबटलेली, आणि बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघते.

मी पहिलं पान उघडलं आणि दादा, खांबावर आई चढलेली होती.

तीच रुंद कंबर. तोच दोरी बांधलेला चष्मा. चढता चढता एक गुडघा धरून मध्येच थांबायचं आणि कुणी बघत नाही ना म्हणून खाली बघायचं, तेही तसंच. ठिपकाने आईला जन्मात पाहिलेलं नाही. मी विचारलं, "हिला अशी का केलीस गं?" तर म्हणाली, "कॉमिक बंद पडून इतकी वर्षं झाली ना, काकू. तिचंही वय झालं असणार. खांब काही बुटके झाले नाहीत."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या शहराची बोलणी कानावर घेणारी आपली आई आणि तारेला कान लावून कोण संकटात आहे ते ओळखणारी तारवाली, या दोघी एकच आहेत हे फक्त तुला आणि मला माहीत. तू तिला मालकांच्या सांगण्यावरून कमरेत आवळलीस, केस मोकळे सोडलेस. आणि मी त्या घट्ट कपड्यांत वर्षानुवर्षं निळा रंग भरत बसले. ते जाऊ दे.

अंक बाहेर पडला त्या कार्यक्रमाला मी गेले होते. मला वाटलं पोरंटोरं असतील. मूल औषधालाही नव्हतं. सगळे टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्ये, तुझं जुनं चित्र छापलेले बनियन घालून आलेले. तुझी ती सडपातळ तारवाली त्यांच्या पोटांवर ताणून ताणून नव्या तारवालीएवढीच जाड झाली होती, पण हे एकाच्याही लक्षात आलं असेल तर शपथ.

अंक हातात पडले आणि आधी कुजबुज झाली. मग एक जण उठून ओरडला, "ही कुठली म्हातारी उचलून आणलीत?" झालं. सगळेच सुटले. "आमच्या बालपणाची माती केली!" "हिला बघून तारच तुटेल!" ठिपका स्टेजजवळ उभी होती. एक माणूस तिच्यासमोर गेला, तोंडातलं च्युइंगम काढलं, मुखपृष्ठावर तारवालीच्या चेहऱ्यावर ठेवलं, अंगठ्याने दाबून नीट पसरवलं आणि अंक तिच्या हातात परत दिला. ठिपका त्याला "थँक्यू" म्हणाली. सवयीने, दादा. कुणी काही दिलं की आपण म्हणतो ना, तसं. तो चिकट अंक हातात धरून ती कार्यक्रम संपेपर्यंत उभी होती. मला तेव्हापासून जेवण गोड लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर तुझ्या नावाने एक वाक्य फिरायला लागलं. "ही माझी तारवाली नाही. हिला मी ओळखत नाही." खाली तुझा तरुणपणचा फोटो. शेजारच्या पोरीने मला दाखवलं. हजारो लोकांनी ते उचललंय.

ते तू लिहिलेलं नाहीस, एवढंच कळव.

धाकटी


२१ मार्च

दादा,

तुझं पाकीट आलं. एवढ्या लांबून आलेलं पाकीट आणि आत चार ओळी. "मीच लिहिलं. ती माझी निर्मिती आहे. या वयात लोकांना माझी आठवण झाली, हे तुला बघवत नसेल तर माझा नाइलाज आहे."

नाइलाज. बरं.

मग तुझ्या लोकांबद्दलही ऐकून घे. परवा त्यांचा म्होरक्या माझ्याकडे आला होता. दातांचा डॉक्टर आहे. हातात फुलांचा हा एवढा गुच्छ आणि अंगाला इतकं अत्तर की तो गेल्यावर मी सोफ्याची खोळ दोनदा धुतली तरी वास गेला नाही. येऊन सरळ माझ्या पायाशी जमिनीवर बसला आणि मला 'माय' म्हणायला लागला. पन्नाशीचा माणूस! मी म्हटलं, वर बसा.

"माय, तुमच्या निळ्या रंगावर मी वाढलोय," म्हणाला. "माझ्याकडे सगळेच्या सगळे अंक आहेत. एकेक प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवलाय. घरात कुणालाही हात लावू देत नाही."

"मग वाचता कसे?"

"वाचत नाही. वाचले तर खराब होतील."

 बाहेर गाडीत त्याची बायको बसलेली खिडकीतून दिसत होती. भर दुपारी, काच खाली करून, हाताने वारा घेत. मी म्हटलं, "त्यांना आत बोलवा, पाणी तरी घेतील." तर म्हणाला, "तिला यातलं काही कळत नाही."

त्याला हवं होतं ते असं की मी कॅमेऱ्यासमोर बसून सांगावं, नव्या अंकाचा मला वीट आलाय. मे महिन्यात ते मोठी सभा घेणार आहेत, तिथे तू पडद्यावर येणार आणि मी व्यासपीठावर. "भाऊ आणि बहीण एकत्र. लोक रडतील, माय." असं म्हणताना त्याचेच डोळे भरले. मग डोळे पुसत पुसत त्याने मला फोनवर त्यांची 'मोहीम' दाखवली. ठिपकाचा चेहरा डुकरिणीच्या अंगावर चिकटवलेला. ठिपकाचा चेहरा आणि खाली असं काही, की मी ते कागदावर उतरवणार नाही. तिच्या आईचं कपडे शिवायचं दुकान आहे, त्याचा फोटो, पत्ता, नंबर. "लोकांनी एवढे फोन केले की बाईने नंबरच बंद केला," असं सांगून तो हसला. दात मात्र स्वच्छ होते.

"हे तुम्ही केलंत?"

"मी नाही हो. चाहते आहेत. प्रेम आहे त्यांचं. प्रेमात माणूस थोडा पुढे जातो."

मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी उठून दार उघडलं आणि म्हटलं, बायको उन्हात आहे, निघा. गुच्छही त्याच्या हातात परत दिला. जाताना दारात म्हणाला, "तुमचे भाऊ म्हणालेच होते, तुम्ही जरा तिरसट आहात म्हणून."

म्हणजे तुझं आणि त्याचं बोलणं होतं. माझा आवाज तू इतकी वर्षं ऐकला नाहीस, आणि याच्याशी माझ्या स्वभावाच्या गप्पा मारतोस.

एक वाक्य लिही, दादा. "चित्र आवडलं नाही तरी पोरीला त्रास देऊ नका." तुझं ते ऐकतील. एवढं वाक्य लिहायला हात झिजणार नाही तुझा.

धाकटी


९ एप्रिल

दादा,

तू लिहिलं नाहीस. मी रोज शेजारच्या पोरीला विचारत होते. तिला शेवटी माझी दया यायला लागली.

सोमवारी सकाळी मालकांच्या नातीचा फोन आला, ठिपकाच्या आईच्या दुकानावर काहीतरी झालंय, मी परगावी आहे, तुम्ही जवळ राहता, बघून याल का. मी गेले. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. कुणीतरी बाजारातून माशांची घाण आणून शटरवर ओतली होती. आतडी, डोकी, खवले, आणि त्यात फोडलेली अंडी. ऊन चढलं होतं. सगळं शटरच्या पन्हाळीत मुरत होतं आणि माशा इतक्या की शटर हलतंय असं वाटावं. शटरखालून पाणी आत गेलं होतं. शिवायला आलेले लोकांचे कपडे, कुणाचा शाळेचा गणवेश, कुणाचा लग्नाचा कोट, सगळे खालच्या फळीवरून भिजलेले.

आणि शेजारच्या भिंतीवर काळ्या रंगात हातभर उंचीच्या अक्षरांत तुझं वाक्य. ही माझी तारवाली नाही. शब्दन् शब्द तुझा, खाली तुझं नाव.

ठिपका आणि तिची आई नाकाला फडकी बांधून घासत होत्या. मी पदर खोचून तिसरी झाले. आतडी गोळा करायला हातमोजे पुरेनात, मी नुसत्या हाताने उचलली. बोटांमधून ती कशी निसटतात ते तुला सांगून ठेवते, म्हणजे तुलाही ठाऊक असू दे. दोनदा मला नाल्याशी जाऊन ओकावं लागलं.  ठिपकाची आई तो गणवेश हातात घेऊन म्हणाली, "हा उद्या द्यायचा होता. आता त्या पोराच्या आईला काय सांगू? की माझ्या मुलीने एक बाई जाड काढली म्हणून?"

भिंत मी घेतली. तारेच्या घासणीने 'तारवाली' निघालं, 'माझी' काही केल्या निघेना.

तेवढ्यात ठिपका बादली घेऊन शेजारी आली. भिंतीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "काकू, खरं सांगा. हे त्यांनीच लिहिलंय का हो? मी त्यांची चित्रं बघून बघून हात बसवलाय. पाचवीत असताना त्यांचे खांब गिरवायची मी."

मी म्हटलं, "छे गं. दादा असं कशाला लिहील? कुणीतरी त्याचं नाव वापरतंय."

तिचा चेहरा असा उजळला की मला माझीच किळस आली.

आता तरी काही लिहिणार आहेस?

धाकटी


२४ मे

सभा झाली. तू पडद्यावर होतास, तेव्हा अर्धी तुला दिसलीच आहे. उरलेली अर्धी, तुझा पडदा काळा झाल्यानंतरची, मी सांगते.

मी व्यासपीठावर बसायला नकार दिला होता, पण गेले. मागच्या रांगेत बसले, ठिपका माझ्या बाजूला. तिला मी नको म्हणत होते. "मला त्यांना एकदा बघायचंय," म्हणाली. कुणी ओळखू नये म्हणून तिने डोक्यावरून टोपी ओढून घेतली होती.

तू पडद्यावर आलास तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. मी नाही राहिले. केवढा वाळलायस रे. कवळी बोलताना हलते तुझी, नवी करून घे. टाळ्या थांबेनात आणि तू डोळे मिटून त्या टाळ्या अंगावर घेत होतास, थंडीत शेकत बसल्यासारखा. पहिल्या मिनिटाला मला तुझी कीव आली, खोटं कशाला बोलू.

मग तू म्हणालास, "ते वाक्य माझंच आहे आणि त्यावर मी ठाम आहे." ठिपकाने वळून माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"हो."

ती थोडी सरकून बसली. एक खुर्ची तिने मध्ये रिकामी ठेवली.

मग दातवाल्याने तुला विचारलं, "सर, चाहत्यांच्या मनात कायमचा प्रश्न आहे. तारवाली कुणावरून सुचली?" तू लाजलास. म्हातारा माणूस लाजताना किती वाईट दिसतो, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. आणि म्हणालास, "होती एक मुलगी. माझं पहिलं प्रेम. टेलिफोनवर फक्त तिचा आवाज ऐकायचो." हॉल खुळावला. शिट्ट्या काय, टाळ्या काय.

दादा, आईच्या आवाजाला तू तुझी प्रेयसी केलंस. घरी उशीर होईल तेव्हा त्या आवाजात ती आपल्याला फोनवर सांगायची, दूध झाकून ठेवलंय, भांडू नका. तोच आवाज तू त्या शिट्ट्या मारणाऱ्यांपुढे टाकलास, आणखी एकदा टाळ्या मिळाव्यात म्हणून. माशांची आतडी हातात घेतली तेव्हाही मला इतकी शिसारी आली नव्हती.

मी उठून पुढे गेले. तोवर तुझी वेळ संपली होती. दातवाल्याला वाटलं मी माझं कौतुक करून घ्यायला आले. त्याने हसत माइक दिला. मी भाषण वगैरे केलं नाही. एवढंच म्हटलं, "ती कुणाची प्रेयसी नव्हती. ती आमची आई होती. रुंद होती, चष्मा होता, गुडघे दुखायचे. माझा भाऊ तिला बारीक करायचा, मी रंग भरायची. आता एका मुलीने ती होती तशी काढली, तर तुम्ही तिच्या आईच्या दारात घाण ओतलीत."

 क्षणभर मला वाटलं, पोचलं.

मग मागून आवाज आला, "पुरावा काय?" दुसरा म्हणाला, "किती पैसे दिले हो त्यांनी?" कुणीतरी "रंगारीण" म्हणून हाक मारली आणि हशा झाला. पण मला लागलं ते दातवाल्याचं.  माइक बाजूला करून तो मला अगदी हळू म्हणाला, "हे सांगायची काय गरज होती? मी सहावीत असल्यापासून तिच्यावर... तुम्ही आता म्हणता ती आई होती. कसं वाटतं माहितीय? घाण वाटतं."

"मग बाहेर जाऊन ओका," मी म्हटलं. "मी दोनदा ओकलेय."

बाहेर आले तर ठिपका फाटकाशी उभी होती. मला वाटलं काही बोलेल. तिने फक्त रिक्षा थांबवली, मला बसवलं आणि स्वतः चालत निघून गेली.

धाकटी


१२ जुलै

दादा,

काल फोनवर बोलायचं राहिलं ते लिहिते.

आधी इकडचं. सभेनंतर मालकांच्या नातीने हात टेकले. ठिपकाला बाजूला करून तिने दुसऱ्या चित्रकाराकडून तारवालीला पुन्हा बारीक करून घेतलं, केस मोकळे, कपडे घट्ट, सगळं तुझ्यासारखं. तो अंक आला आणि चाहते म्हणाले, ही तर नक्कल आहे, यात आत्मा नाही. तारवाली पुन्हा बंद पडली. ज्या दिवशी ते जाहीर झालं त्या दिवशी त्यांनी हॉटेलात जमून केक कापला. आणि पंधरवडा झाला नाही तोच दातवाल्याने सह्यांची मोहीम काढली: तारवाली परत सुरू करा. मलाही आलं ते, सहीसाठी.

ठिपकाने चित्रकथा सोडली. औषधांच्या खोक्यांवर सूचनांची चित्रं असतात ना, डोळ्यात थेंब कसे घालायचे वगैरे, ती काढते आता. मी तिच्या आईच्या दुकानावर गेले तेव्हा ती पुढच्या अंकाची पूर्ण झालेली पानं कचऱ्याच्या पिशवीत भरत होती. काढून घ्यावीत असं फार वाटलं. पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे केलेला हात मी मागे घेतला. तिची आई मात्र मला चहा दिल्याशिवाय सोडत नाही. ठिपका समोर बसते, बोलते, चपलांकडे बघून. बरी आहे म्हणते.

आता तुझा फोन.

मी "कोण?" म्हटलं आणि तू "मी" म्हणालास. इतक्या वर्षांनी नुसतं "मी", आणि मला लगेच कळलं, याचा मला रागही आला. मी खुर्ची ओढून बसले. वाटलं, तू विचारशील. काहीही. तू विचारलंस, "हल्ली माझ्याबद्दल कुणी काही लिहीत नाही का गं? मला इकडे काहीच दिसत नाही. फोनमध्ये काही बिघाड आहे का?"

बिघाड नाही, दादा. मी तुला सांगितलं तेच पुन्हा लिहिते, कारण तू ऐकलंस की नाही ते कळलं नाही. एका बंद पडलेल्या भुतांच्या मासिकाचा नवा अंक निघालाय. त्यातल्या भुताला म्हणे दयाळू केलंय. तुझे सगळे लोक तिकडे गेलेत, दातवाला पुढे. सह्यांची मोहीमही तशीच टाकून गेलाय. त्या भुताचा मूळ चित्रकार त्यांनी शोधून काढलाय, अंथरुणाला खिळलेला आहे, त्याला परवा पडद्यावर आणला होता. तोही टाळ्यांना डोळे मिटून घेत होता.

 रडलास का, ते मला कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला, पण तुला सर्दीही असेल. मी फोन ठेवला नाही. तूही ठेवला नाहीस. तुझ्याकडे कुठेतरी नळ ठिबकत होता, तो मी बराच वेळ ऐकत बसले. मुलगा तिथे राहत नाही वाटतं तुझ्यापाशी? घरात दुसरं कुणी असतं तर तो नळ असा ठिबकू दिला नसता.

तुझ्याबद्दल मनात अजून जे आहे ते चांगलं नाही, आणि ते लपवून ठेवण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. ठिपकाची माफी मागशील तर तिचा पत्ता मी मागच्या बाजूला लिहिलाय. माझी मागू नकोस.

त्या नळाचा वायसर बदलून घे. आणि यापुढे फोन करू नकोस, पत्र लिही. पत्राच्या सुरुवातीला 'तू कशी आहेस' असं लिहायची पद्धत असते. पद्धत म्हणून का होईना, तेवढं तरी तुझ्या हातून लिहून होईल.

धाकटी